माझं हलकं टोक

मित्रांनो, बागेच्या फाटकातून आत आलात की मोठ्या झाडाखाली एक मूठ तुटलेला जुना सीसॉ दिसतो ना? तो मी. सुताराने माझी फळी रंधा मारून गुळगुळीत केली आणि मधल्या लोखंडी दांड्यावर बसवली, तेव्हा मी केसभरही कललो नाही. तो खूश होऊन म्हणाला, "हा कधी खोटं बोलायचा नाही!"

आमच्या शहरात बारा महिने ऊन. दुपारी माझ्या मुठी अशा तापत, की हात लावायची सोय नसे. म्हणून पाच वाजले की माळीकाका झारीने माझ्यावर पाणी घालत आणि मला लाडाने घोडा म्हणत हाक मारत, "या रे, घोडा थंड झाला!" मग काय, पोरांची नुसती झुंबड! मी अगदी फुशारून जायचो.

त्या झुंबडीत दोन बहिणी असायच्या. थोरली नऊ वर्षांची, धाकटी सहाची. त्यांची आई शिवणकाम करायची. काजं-बटणांचं काम घेऊन ती समोरच्या बाकावर बसायची. थोरली जड, म्हणून ती टोकापासून वीतभर आत सरकून बसे. की झाला तोल!

एके दिवशी वीतभर पुरेना. थोरली आणखी थोडी आत सरकली. महिन्याभरात तिला दोन विती सरकावं लागलं. आई हसत म्हणाली, "अगं ए भोपळ्या, किती खातेस? बहिणीला पार वर टांगून ठेवलंस की!" धाकटी वरून पाय हलवत खिदळली, "ताई ढब्बू! ताई ढब्बू!" थोरलीचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी ती हळूच धाकटीला म्हणाली, "मी आता दुसऱ्यांदा वाढूनच घेत नाही. बघ, होते की नाही बारीक."

पण मित्रांनो, थोरली होती तेवढीच होती. हलकी होत होती ती धाकटी! माझ्याच टोकावर बसायची, मला कळणार नाही तर कुणाला? आईला तरी कळणार कसं? धाकटीच्या अंगात कायम थोरलीचे जुने फ्रॉक. ते पहिल्यापासूनच ढगळ.

मला तोंड नाही. मी जीव तोडून करकरलो. धाकटी बसली रे बसली की माझी करकर सुरू. माळीकाकांनी ते ऐकलं. "म्हातारा झाला गडी," म्हणत त्यांनी मोठ्या मायेने माझ्या दांड्याला वंगण घातलं आणि माझा आवाज बंद झाला.

मग बहिणी यायच्या थांबल्या. मी रोज फाटकाकडे बघायचो. बऱ्याच दिवसांनी थोरली आली. आईबरोबर, पण धाकटीशिवाय; धाकटी आजारातून उठलीच नव्हती. सवयीने ती दोन विती आत सरकून बसली. समोरचं टोक वरच राहिलं. ती आणखी सरकली, आणखी सरकली, पार माझ्या मध्यावर आली. तेव्हा कुठे मी सरळ झालो. समोर कुणीच नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "जाड मी झालेच नव्हते ना गं?"

आईच्या हातातलं शिवण खाली पडलं. तिला पोटाशी धरून ती माऊली तिथेच मातीत बसली आणि हमसून हमसून रडली. माळीकाका रिकामी झारी घेऊन नुसते उभे होते.

आता बागेत रंगीत घसरगुंड्या आल्या आहेत. धाकटीच्या बाजूची माझी मूठ कधीच निखळली. मला कुणी विचारत नाही, त्याचं काही वाटत नाही. माझं काळीज तुटतं ते त्या एका गोष्टीने, की मला ठाऊक होतं आणि मला सांगता आलं नाही.

मित्रांनो, तुम्हाला तोंड आहे. खेळताना समोरचा हलका वाटला तर हसू नका. खाली उतरा, त्याच्याजवळ जा आणि विचारा, "तुला बरं आहे ना रे?" आणि माझ्यासारखं कुणी करकरत असेल, तर वंगण घालण्याआधी त्याच्यावर कोण बसलंय, ते एकदा बघा.