गडावरचा सपाट घुमट

मी एक जुना घुमट आहे. बघा, पहिल्याच वाक्यात थाप मारली! मित्रांनो, मी घुमट नाहीच. मी आहे एक भलंमोठं कापड, ताणून बसवलेलं, रंगवलेलं, पोळपाटासारखं सपाट. पण तुम्ही माझ्याखालच्या काळ्या फरशीवर उभे राहा, मान वर करा आणि मग बोला. वर चढत गेलेले खांब दिसतात ना? खांबांच्या मध्ये खिडक्या? खिडक्यांतून उतरणारं ऊन? आणि पार टोकाला तो छोटा झरोका? त्यात एकही दगड नाही हो. एकसुद्धा नाही! मला स्वतःलाच अजून कौतुक वाटतं, मग तुमचं काय घेऊन बसलात.

माझी गोष्ट भूकंपापासून सुरू होते. माल्ट्याच्या शेजारी आमचं धाकटं बेट, बेटाच्या मधोमध गड आणि गडावर जुनं चर्च. एका जानेवारीत जमीन अशी हलली की ते चर्च पार खिळखिळं झालं. आमची माणसं हट्टी. त्यांनी ठरवलं, आता साधं चर्च नाही, कॅथीड्रलच बांधायचं, बघणाऱ्याचा जबडा खाली पडला पाहिजे. करवतीनं कापता येतो असा आमचा पिवळा मऊ दगड. तो गाढवांच्या पाठीवरून गडावर चढू लागला. समोर रुंद पायऱ्या झाल्या, दर्शनी भिंतीवर वेलबुट्टी झाली, घंटांचा मनोरा मागच्या कोपऱ्यात उभा राहिला. आतला आराखडा क्रुसाच्या आकाराचा, दोन्ही अंगांना छोट्या वेदी. मधोमध चार कमानी एकमेकींना भिडल्या, त्यांच्यावर दगडाचं गोल कडं बसलं. आता त्या कड्यावर घुमट चढवायचा, की झालं!

आणि तिथंच काम थांबलं. कुणी म्हणतं पैसे संपले, कुणी म्हणतं खडकाला वजन झेपणार नाही अशी भीती वाटली. कड्यावर सपाट छप्पर टाकून सगळे घरी गेले. मला विचाराल तर बरंच झालं, नाहीतर माझा जन्मच झाला नसता!

बऱ्याच वर्षांनी सिसिलीहून एक चितारी बोटीनं आला. नुसता हाडांचा सापळा, पण डोळे काय ते! पहिले आठ दिवस त्यानं रंगाला हात लावला नाही. एका काळ्या फरशीवर पाठ टेकून तो नुसता पडून राहिला आणि कुठल्या खिडकीतून कधी ऊन येतं ते बघत बसला. लोक म्हणाले, आळशी माणूस गळ्यात पडला. मग तो उठला, आणि डाव्या हाताच्या खिडक्यांचा उजेड धरून त्यानं मला रंगवलं. माझा प्रत्येक खांब डावीकडून उजळ, उजवीकडून काळसर. मला वर चढवलं त्या दिवशी एक म्हातारी आत आली, वर बघितलं, धावत बाहेर गेली, पुन्हा आत आली आणि म्हणाली, "बाई गं! एवढा घुमट बाहेरून कुठं लपवलात?"

तेव्हापासून दोनशे वर्षं माझी चैन चालली. पाळण्यातली पोरं माझ्याकडे बघून रडायची थांबत. कबुतरं माझ्या खिडकीतून बाहेर पडायला बघत आणि नाकावर आपटत. परदेशी पाहुण्यांना आमचे लोक मुद्दाम काळ्या फरशीवर उभं करत आणि मग गच्चीवर नेऊन सपाट छप्पर दाखवत. त्यांची तोंडं बघण्यासारखी होत.

मग मोठी लढाई झाली, संपली. पोटासाठी माणसं ऑस्ट्रेलियाला निघाली. आणि खालच्या गावानं एक अचाट काम काढलं. खरा घुमट, दगडाचा, आभाळाला टेकणारा! रविवारची प्रार्थना, मिस्सा, झाली की बायाबापड्यासुद्धा तिथं दगड वाहायच्या. त्यांचा मुख्य गवंडी ग्रेत्सू. बैलासारखा माणूस, आवाज घंटेसारखा. बाजारात आमचं कुणी दिसलं की तो हाक मारायचा, "काय मंडळी, पावसात घुमटाचा रंग जातो का हो?"

आमच्या लोकांना ते फार झोंबायचं. सगळ्यात जास्त झोंबलं साल्वूला. हा साल्वू बारा वर्षं मेलबर्नला विजेची कामं करून परत आलेला. आला तो सणाच्या कमिटीत घुसला आणि पाद्री दुन लुरेन्स यांच्या मागंच लागला, की हे कापड उतरवा आणि खरा घुमट बांधा. दुन लुरेन्स म्हणजे मऊ माणूस. ते नुसते "बघू, बघू" म्हणत.

ऑगस्टच्या पंधराव्या दिवशी आमचा सांता मारियाचा सण. बँड, फटाके, मिठाईच्या गाड्या आणि दिवे! दिव्यांच्या बाबतीत आमची बेटावरची माणसं पुरती वेडी. शेजारच्या गावापेक्षा एक दिवा कमी लागला तर जेवण जाणार नाही.

"साल्वू, आत किती बल्ब लावतोयस?" दुन लुरेन्सनी विचारलं.

"चारशे."

"खालच्या गावात किती?"

"तीनशे ऐंशी."

"मग लाव बाबा, लाव!"

साल्वूनं दरवर्षीप्रमाणे खांबांना लाल रेशमी पडदे गुंडाळले, पण यंदा खिडक्यासुद्धा झाकल्या. का, तर बल्ब उठून दिसावेत म्हणून. विजेची तार उजवीकडून येत होती, त्यामुळे चारशेच्या चारशे बल्ब उजव्या भिंतीच्या वरच्या कडेनं लागले. आणि तार अडकवायला त्यानं माझ्या काठाशी आकडा ठोकला. चर्र! वीतभर फाटलो मी, नेमका कमानीच्या एका रंगवलेल्या दगडापाशी. कुणाचं लक्षसुद्धा गेलं नाही.

सणाला तीन दिवस असताना सगळा गाव दिवे बघायला आत जमला. साल्वूनं बटण दाबलं, खट!

मित्रांनो, काय सांगू! मला वाटलं आता टाळ्या पडणार. पण टाळी एकही पडली नाही. उजवीकडच्या झगझगाटात माझ्या सावल्यांचा अर्थच गेला. खांब आडवे झाले, खिडक्या मिटल्या. माझे जोड दिसले, ठिगळं दिसली, डाग दिसले. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "अरे, ही तर चादर आहे."

"बघितलंत?" साल्वू ओरडला, पण त्याचा आवाज फाटला. "मी निघालो ना, तेव्हा बोटीत सगळे कठड्याला टेकून आपापल्या गावचा घुमट बघत रडत होते. माझ्या शेजारची बाई म्हणाली, तुमचा कुठला हो? मी काय दाखवू? आपलं चर्च समुद्रावरून टक्कल पडल्यासारखं दिसतं! सगळे बघून रडले, मी काय बघून रडू?"

मला तर त्याचा रागच येईना. खरं होतं ते. मी बाहेरून कधी कुणाला दिसलोच नव्हतो.

दुन लुरेन्सनी खाली बघत सांगितलं, "सण झाला की उतरवू या."

उतरवू या! दोनशे वर्षांनंतर दोन शब्द. मी घाबरलो, स्पष्टच सांगतो. उतरवलेल्या कापडाचं पुढं काय होतं ते मला ठाऊक होतं. गडावरच्या अर्ध्या कोंबड्यांची खुराडी जुन्या पडद्यांनी झाकलेली आहेत.

गर्दी पांगली. एक बाई मात्र काळ्या फरशीवर उभीच. ती जोर्जा, साल्वूची थोरली बहीण. जन्मभर दारात बसून लेस विणणारी. मांडीवर लांब उशी, उशीवर टाचण्या, बोटांत लाकडी रिळं. उजेड नेहमी डाव्या खांद्यावरून, नाहीतर धागा दिसत नाही. तिनं मला नीट न्याहाळलं आणि कपाळावर हात मारला.

"साल्वू! अरे गाढवा, दिवे उलटे लावलेस तू!"

"दिवे कधी उलटे असतात का गं?"

"चिताऱ्यानं ऊन डावीकडून धरलंय. तू उजवीकडून ओकतोयस! मी उजव्या अंगाला दिवा ठेवून विणलं तर माझी लेससुद्धा चिंधी दिसेल. विझव ते, आणि डावीकडचे पडदे वर घे."

"सणाला दिवे विझवू? खालचं गाव आपल्या नावानं हसून मरेल."

"मरू दे की. मिठाई खाऊन मरतील, सुखानं मरतील. हे बघ, सणाला ग्रेत्सू येणारच आहे बँडवाल्यांबरोबर. त्यालाच विचारू. खरा घुमट बांधणारा माणूस आहे तो. त्यानं याला चादर म्हटलं तर मी स्वतः घडी घालून देईन."

साल्वू हसला. ग्रेत्सू काय म्हणणार ते त्याला पाठ होतं. "ठरलं," तो म्हणाला, "अर्धा तास बंद ठेवतो. पण मग रडायचं नाही हं, जोर्जे."

"रडतेय कोण, मेल्या!"

सणाचा दिवस उजाडला. बाहेर फटाके धडाधड, बँड पायऱ्या चढत आलेला. माझं तर सुतन् सूत थरथरत होतं. जोर्जा सकाळीच शिडीवर चढून बसली होती. ग्रेत्सू दारात दिसला मात्र, तिनं डावीकडचे पडदे वर ओढले आणि साल्वूनं बटण बंद केलं.

ऊन आत आलं. आणि मी उठलो! काय सांगू, उठलोच! खांब उभे राहिले, खिडक्या उघडल्या, झरोका वर, वर, पार वर गेला. खाली "हाऽऽ" असा आवाज झाला.

ग्रेत्सू छाती काढून काळ्या फरशीवर येऊन उभा राहिला. एका अंगाला साल्वू, दुसऱ्या अंगाला दुन लुरेन्स. "हं, दाखवा तुमची चादर," म्हणत त्यानं मान वर केली.

तेवढ्यात उघड्या दारातून समुद्राचा वारा आला. माझा फाटलेला काठ हलला. चिमूटभर जुना रंग त्याच्या नाकावर पडला.

"दगड सुटला!" ग्रेत्सू केवढ्यांदा गरजला! "दगड सुटला! बाजूला व्हा!" एका हातानं त्यानं दुन लुरेन्सना उचललं, दुसऱ्यानं साल्वूला कवटाळलं, आणि तिघंही धाडकन बाकांमध्ये जाऊन पडले.

बँड थांबला. ग्रेत्सू डोकं झाकून वाट बघत राहिला. काही पडेना. मग त्यानं हळूच एक डोळा उघडला.

जोर्जा शिडीवरून म्हणाली, "काय हो गवंडीबुवा, चादर अंगावर पडली असती तर फार लागलं असतं का?"

असा हशा मी दोनशे वर्षांत ऐकला नव्हता. ग्रेत्सू टोमॅटोसारखा लाल. "मला ठाऊक होतं!" तो ओरडत होता. "कापड आहे हे ठाऊक होतं रे! पण पाय आधी पळाले!" मग तोही पोट धरून हसायला लागला, आणि साल्वूच्या पाठीत धपाटा घालून म्हणाला, "चाळीस वर्षं दगडात काढली मी. याला हात लावशील तर बघ!"

साल्वू हसता हसता रडत होता. "नाही लावत. पण हे चारशे बल्ब घालू कुठं? याच्या डोक्यावर?"

ग्रेत्सूचं हसू थांबलं. त्यानं वर बघितलं. "डोक्यावरच घाल," तो म्हणाला. "छपरावर."

त्या हिवाळ्यात माझ्या डोक्यावर ठोकाठोक चालली. बल्ब लावायला साल्वू घुमटाच्या आकाराचा लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा उभा करत होता आणि खालच्या गावाचा ग्रेत्सू आमच्या छपरावर उभा राहून त्याला शिव्या देत होता. "घुमटाचा बाक असा नसतो रे, मेलबर्नवाल्या! टोपली करतोयस का?" छप्पर कुठं गळतं तेही त्यानं शोधलं आणि न सांगता बुजवलं. माझी फाट शिवायला जोर्जा परांचीवर चढली. तिचे टाके इतके बारीक, की मलाच सापडत नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात सहा घरं ऑस्ट्रेलियाला निघाली. संध्याकाळची बोट होती. साल्वूनं छपरावरचे दिवे लावले. मी आत, मला काय दिसणार? जोर्जा बोटीत बसून माल्ट्यापर्यंत माणसांना पोहोचवून आली. दुसऱ्या दिवशी ती तडक काळ्या फरशीवर येऊन उभी राहिली, धापा टाकत.

"दिसतोस रे," ती म्हणाली. "पार समुद्रातून दिसतोस. सगळे तुझ्याकडे बघून रडले."

मित्रांनो, जोर्जा गेली, साल्वू गेला. ग्रेत्सूनं आपला घुमट पुरा केला, आणि म्हातारपणी सणाला यायचा तेव्हाही माझ्याखालून कधी गेला नाही, कडेकडेनं जायचा. आता माझे रंग जुने झालेत, ओल लागली की मला धाप लागते. माझ्यासारखं एखादं म्हातारं काम तुमच्याही गावात असेल. त्याला चादर म्हणण्याआधी एकदा उजेड कुठून येतोय ते बघा, छप्पर गळत असेल तर बुजवा. आणि आमच्या बेटावर आलात तर परत जाताना संध्याकाळच्या बोटीनं जा. कठड्याला टेकून मागं बघा. कुणी विचारलं, तुमचा कुठला हो, तर खुशाल माझ्याकडे बोट दाखवा.