पहिल्या पाळीतलं पॅटीस

"काका, तुम्ही आत्ताच कसं काय आलात?" दर्शनाने विचारलं. तिच्या हातातला काटा पिठाच्या कडेवर तसाच टेकलेला राहिला.

मी विहारातून सतरंज्या घेऊन आलो होतो. दुसऱ्या दिवशी मंजुळाला, माझ्या बायकोला, जाऊन वर्ष होत होतं. दर्शना शेजारच्या घरातली सून. सकाळी मी महाडला भाजी आणायला गेलो तेव्हा घराची किल्ली मीच तिला देऊन गेलो होतो. मसाला वाटून ठेव, एवढंच सांगितलं होतं.

मसाला वाटलेला दिसत नव्हता. ओट्यावर खारीचं कच्चं पीठ लाटून चौकोन कापले होते. बेकरीवाला भट्टीत घालण्याआधीचं देतो, ते पीठ. बाजूला पातेल्यात कापा फणसाचे गरे बारीक चिरून गुळात शिजवलेले होते. ती चौकोनाच्या मध्यावर चमचाभर गरे घाली, त्रिकोणी दुमडी आणि काट्याने कडा दाबी. आमचा एअर फ्रायर चालू होता.

"हे काय?" मी विचारलं.

"पॅटीस. गोडाचं. उद्याला."

"उद्या खीर आहे ना?"

"हाय की. हे आपलं फोटोपुढं ठेवायला."

मी सतरंज्या खाली ठेवल्या आणि तिथेच पाटावर बसलो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे पुण्यानुमोदनाला, म्हणजे गेलेल्याच्या वर्षाच्या कार्यक्रमाला, फोटोपुढे फळं ठेवतात, कोणी कोणी गेलेल्या माणसाच्या आवडीचंही ठेवतं. पोरीने हौसेने केलं असेल, असं मी समजलो. मी फक्त म्हणालो, "अगं, ती गोड खात नव्हती. भाकरीबरोबर सुकट ठेव. ते तिला आवडायचं."

दर्शना मशीनकडे वळली. मशीन वाजलं तसा तिने कप्पा ओढला, पॅटीस उलटी केली आणि मागच्या बाजूची दोन उचलून पुढे ठेवली, पुढची मागे.

"तसं का केलंस?"

"मागं जास्त तापतं हे. तिकडं फुटतात, गर भायेर येतो."

हे खरं होतं. आमचं मशीन मागून जास्त तापतं. सुरणाचे काप मागचे करपायचे, म्हणून मी मध्येच ते फिरवून ठेवायचो. पण हे घरात मला आणि मंजुळाला माहीत. दर्शनाच्या घरी असलं मशीन नाही.

"तुला कसं म्हायत?" मी विचारलं.

"असंच. समजतं."

मग तिने वरच्या फळीवरच्या डब्यामागून बटर पेपरची गुंडाळी काढली. न बघता, हात घालून. त्या घरात मी वर्षभर एकटा राहत होतो. ती गुंडाळी तिथे आहे, हे मला माहीत नव्हतं.

मशीन आणलं होतं मुंबईहून आमच्या मुलीने, प्रियदर्शिनीने. महाडला मोठा पूर येऊन गेला त्याच्या पुढच्या वर्षी. मंजुळाची शुगर तोपर्यंत फार वाढली होती. तेलाशिवाय भाज्या होतात, आईला बरं, असं म्हणून तिने आणलं. मी एमआयडीसीत बॉयलरवर होतो, तापमान आणि दाब बघणं हेच माझं काम. मशीन मीच शिकलो आणि मंजुळाला शिकवलं. भेंडी, सुरण, बोंबील, सगळं त्यात. साखर आमच्या घरातून त्याच्या आधीच गेली होती. मंजुळाला सोडायला लागली तेव्हा मीही सोडली. ती कोरा फिका चहा पिणार आणि मी तिच्यासमोर गोड पिणार, हे मला जमण्यासारखं नव्हतं. लग्नाच्या पंगतीत आम्ही दोघं जिलेबी नको म्हणायचो. लोक चेष्टा करायचे. दर्शनाची सासू प्रयागबाई, माझी चुलत वहिनी, म्हणायची, "भावजी, शुगर तिला झाली का तुमाला?"

तरी शुगर खाली यायची नाही. बोट टोचून आकडा बघितला की मंजुळा म्हणायची, "काल भात जास्त झाला वाटतं." मग मी भात कमी केला. परत वर. मग मी तिला लहान वाटी आणली. मग रात्रीचा भात बंद केला. तिला भात फार लागायचा. बंद केला तेव्हा ती एक शब्द बोलली नाही.

महाडला एक डॉक्टर होते, तरुण. एकदा रिपोर्ट बघून त्यांनी विचारलं, "बाई, गोड खाता का?" मंजुळाने नाही म्हणून मान हलवली. मी सांगितलं, आमच्या घरात साखरेचा डबाच नाही. ते म्हणाले, "मग कुठेतरी खात असतील." दवाखाना पेशंटनी भरलेला होता. मी उठलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "डॉक्टर, माझी बायको चाळीस मुलांची अंगणवाडी चालवते. ती खोटं बोलत नाही." फाईल उचलली आणि तिला घेऊन बाहेर पडलो. त्यानंतर आम्ही माणगावच्या डॉक्टरांकडे जाऊ लागलो. रिक्षात ती नाते गावाच्या फाट्यापर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "तुम्ही उगाच भांडलात." मला वाटलं, तिला माझी काळजी.

ते सगळं त्या पाटावर बसून मला आठवत गेलं, आणि दर्शना माझ्याकडे पाठ करून कडा दाबत राहिली.

"दर्शना, इकडं बघ," मी म्हणालो. "मंजुळा हे खायची?"

तिने मशीन बंद केलं. वळली नाही.

"काका, आता कशाला?"

"खायची का?"

"खायची."

"कधी?"

"तुमची पयली पाळी असली की. तुमी तीनला यायचात ना." आता ती वळली. तिचे डोळे भरले होते. "अंगणवाडी सुटली की यायची घरी. आंब्याच्या दिवसात आंब्याचं, मग फणसाचं. काय नसलं तर केळं आणि खोबरं. मी पीठ आणायची बेकरीतून, काकी करायची. सासूबाई पण यायच्या. तिला लय आवडायचं काका. मी म्हणायची, काकी, एकच खा. ती म्हणायची, हा गो, एकच. आणि मग तुमच्यासाठी म्हणून एक बाजूला ठेवायची. आणि मग म्हणायची, ह्यांना कुठं चालतंय, आणि ते पण खायची."

तिला थोडं हसू आलं. मला आलं नाही.

"कोणाकोणाला म्हायत व्हतं?"

"आपल्या वाडीतल्या बायकांना. सगळ्यांना नाय."

"आमच्या प्रियाला?"

तिने काटा खाली ठेवला. मग म्हणाली, "तिनेच मोबाईलवर दाखवलं पयल्यांदा. खारीच्या पिठात भरायचं ते. साखर नको, गूळ घाला म्हणाली. गुळाने काय होत नाय असं वाटलं आमाला."

"आणि माझ्यापासून लपवलंत."

"काकीने शपथ घातली व्हती. म्हणायची, त्यांनी माझ्यापायी चहातली साखर सोडली गो, आता कुठल्या तोंडाने सांगू. त्यांना कळलं तर जीव जाईल त्यांचा."

"जीव तिचा गेला," मी म्हणालो.

दर्शना ओट्याला टेकून रडायला लागली. मी तिला उगी केलं नाही. माझ्या डोक्यात वेगळंच चालू झालं होतं.

गेल्या वर्षी शोकसभेत मी बोललो होतो. मला बोलता येत नाही. पण नवरा म्हणून दोन शब्द बोला, असं सगळे म्हणाले, म्हणून उभा राहिलो. मी सांगितलं की मंजुळाने शेवटपर्यंत जिभेवर ताबा ठेवला, इतकी वर्षं गोडाचा कण तोंडात घातला नाही, मी साक्षीदार आहे. भंतेजींना ते फार भावलं. त्यांनी आपल्या देसनेत, प्रवचनात, तेच घेतलं. शील कसं पाळावं ते या माउलीकडून शिका, असं ते म्हणाले. सगळी सभा म्हणाली, साधू, साधू, साधू. त्या दिवशी मला तेवढाच आधार वाटला होता.

"त्या दिवशी तू कुठं बसली व्हतीस?" मी दर्शनाला विचारलं.

"पुढच्याच रांगेत."

"साधू म्हणालीस?"

तिने पदराने तोंड पुसलं. "म्हटलं, काका. सगळेच म्हणत व्हते."

मी उठलो आणि बाहेर ओटीवर जाऊन बसलो. थोड्या वेळाने प्रयागबाई आली. सुनेने निरोप दिला असणार. ती पायरीवर बसली, गुडघे चोळत.

"भावजी, रागावलात व्हय?"

"नाय. हसतोय."

"बाई माणूस होती. तिला पण जीव व्हता. तुमी तिच्या ताटातला भात बघायचात, किती घेतला, किती नाय. आमच्यात आली की दोन घटका खुशीत राहायची. ते तिचं सुख आमी काढून घ्यायचं का?"

"मला सांगायचं, वहिनी. एका शब्दाने."

"सांगून काय केलं असतंत?"

"मशीन फोडून टाकलं असतं."

"म्हणून नाय सांगितलं," ती म्हणाली.

संध्याकाळी प्रियदर्शिनी आली. दर्शनाने तिला रस्त्यातच गाठलं होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. तिने बॅग ठेवली आणि माझ्या पायाशी बसली. "पप्पा, मी आईला सारखी सांगायचे, महिन्यातून एकदाच खा. ती हो म्हणायची." मी विचारलं, मशीन कशासाठी घेतलं होतंस? ती म्हणाली, "तेव्हा भाज्यांसाठीच." मी तिला जेवून घ्यायला सांगितलं. 

सकाळी दर्शना ताट घेऊन दारात उभी राहिली. पॅटीस छान फुगली होती. "काका, फोटोपुढं ठेवू का नको?"

"ठेव," मी म्हणालो. "तिचं आहे."

मांडवात माणसं बऱ्यापैकी जमली. तुडीलहून मंजुळाचे माहेरचे आले, पोलादपूरहून अंगणवाडीच्या बाया आल्या. त्रिसरण-पंचशील झालं. वंदना झाली. मग भंतेजींनी माझं नाव घेतलं. ते म्हणाले, "गेल्या वर्षी उपासकांनी फार मोलाची गोष्ट सांगितली होती. जे नव्याने आले आहेत त्यांच्यासाठी ती त्यांनी पुन्हा सांगावी."

मी उभा राहिलो. बायका डाव्या बाजूला बसल्या होत्या. मी तिकडे बघितलं तशी एकेक मान खाली गेली. कोणाकोणाला माहीत होतं, ते मला त्यावरून कळलं. दर्शनाने सांगितलं त्यापेक्षा जास्त होत्या. तुडीलची मंजुळाची बहीणसुद्धा खाली बघत होती.

मी मागचं तेच बोललो असतो तर कोणी काही म्हटलं नसतं. सगळ्यांनी ऐकून घेतलं असतं. तिचं नाव राहिलं असतं. माझंही राहिलं असतं.

मी म्हणालो, "मंजुळाला फणसाचं पॅटीस आवडायचं. मी कामावर गेलो की ती ते आमच्या घरात करायची. मला म्हायत नव्हतं. गेल्या वर्षी मी इथं उभा राहून जे बोललो ते खरं नव्हतं. तुम्हाला म्हायत व्हतं, तरी तुम्ही बोलू दिलंत." पुढे काय बोलावं ते सुचेना. भंतेजी माझ्याकडे बघत होते. "अंगणवाडीतली पोरं तिला मोठी आई म्हणायची. माझं झालं."

मी खाली बसलो.  तेवढ्यात मागून एका म्हातारीचा हुंदका आला, मग दुसरीचा. प्रियदर्शिनी माझ्या बाजूला बसली होती. तिने माझा हात धरला. मी तो काढून घेतला नाही, पण तिच्याकडे बघितलंही नाही.

भंतेजींचं भोजन झाल्यावर पंगत बसली. माझ्या बाजूला मंजुळाचा तुडीलचा भाऊ होता. भात, वरण, भाजी, खीर वाढून झाली. मग दर्शना पॅटीसचं ताट घेऊन आली. ती ओळीने प्रत्येकाला एकेक वाढत होती. मेव्हण्याने घेतलं आणि लगेच तोडलं. खारीचे पापुद्रे त्याच्या पत्रावळीवर सांडले, गुळाचा वास आला. "झकास झालंय गो," तो म्हणाला.

दर्शना माझ्यासमोर आली आणि वाकली. "काका, अर्धंच," ती हळू म्हणाली.

मी पत्रावळीवर हात आडवा धरला.

ती थोडा वेळ तशीच वाकून उभी होती. मग पुढच्याला वाढायला गेली. ती पंगतीच्या टोकाला पोचेपर्यंत मी हात काढला नाही.