महिपती आबांच्या पायातले पाच दिवस

मी एक जुनी अळी आहे. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात माझी सेवा सुवर्णाक्षरांनी नोंदली जावी, असं माझं प्रामाणिक मत आहे. ही सेवा एकंदर पाच दिवसांची आहे. आता मी माशी झाले, म्हणून स्वतःला जुनी अळी म्हणवून घेते.

मित्रांनो, तुम्ही नाक मुरडलंत, ते मला दिसलं. मला त्याची सवय आहे. फक्त एक सांगते. मी उकिरड्यावर जन्मले नाही. माझा जन्म अंथुर्ण्याच्या महिपती आबांच्या उजव्या पायात झाला. साल पंच्याण्णव, महिना नोव्हेंबर.

आबांचा जन्म मेंढरांमागं गेला. दरसाल दिवाळी झाली की ते कळप घेऊन कोकणात उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे. पुढं पाटाचं पाणी आलं, आबांनी ऊस लावला, आणि दाराशी वीसेक मेंढ्या उरल्या. गळीत सुरू झालं तशी एक दिवस उसानं भरलेल्या बैलगाडीचं चाक त्यांच्या पावलावरून गेलं. हाड वाचलं, पण जखम चिघळली. इंदापूरच्या डॉक्टर योगिनीताईंनी रक्त तपासलं, तर त्यात साखर जास्त निघाली. कारखान्याला ऊस घालणाऱ्या माणसाला त्याचं फारसं नवल वाटलं नाही. मांस मात्र काळं पडत चाललं होतं. डॉक्टरांनी पुण्याच्या मोठ्या दवाखान्याच्या नावानं चिठ्ठी लिहून ठेवली. काळं घोट्याच्या वर चढलं, तर पाय गुडघ्याखाली कापावा लागणार होता.

घरी आल्यावर आबांनी पट्टी सोडली. जखमेला वारं लागलं की ती लवकर वाळते, असं त्यांचं शास्त्र होतं. ते वाघरीजवळ बाज टाकून, पाय लांब करून झोपी गेले. वाघर म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी. तिथं माझी आई होती. ती हिरवी, चकचकीत माशी होती आणि तिला जागेची निकड होती.

आम्ही दीडशे भावंडं एका दिवसात अंड्यांतून बाहेर आलो.

आमच्या कामाविषयी लोकांत फार गैरसमज आहेत. आम्हाला दात नाहीत. आम्ही मेलेल्या मांसावर लाळ सोडतो, ते विरघळतं, मग पितो. त्या लाळेनं जखमेतले जंतूही मरतात. जितं मांस आम्हाला मानवत नाही. आमची एक चुलत जात आहे, ती जितंच खाते आणि जनावरं लोळवते. तिच्यामुळं आमच्या अख्ख्या घराण्याची अब्रू गेली. असं तुमच्यातही होत असेल.

तिसऱ्या दिवशी आबांच्या मंडळी, भामाबाई, पाय धुवायला बसल्या आणि त्यांना आम्ही दिसलो. दुसरी कुणी असती तर ओरडली असती. भामाबाई मेंढक्याच्या घरातल्या. मेंढीच्या जखमेत किडे पडले की काय करायचं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. त्या मुकाट्यानं उठल्या, सीताफळीचा पाला ओरबाडून आणला, पाट्यावर वाटला आणि त्याचा रस पिळून जखमेत सोडला. मेंढी असती तर त्यांचं चुकलं नसतं.

आमच्यातली शंभरेक भावंडं तिथंच गेली. मी खोल होते, म्हणून वाचले.

आबांच्या मनात मात्र वेगळंच होतं. आमच्या भागात माणूस फार चिडला की 'अंगात किडं पडतील' असा शाप देतो. आबांना तो शाप खरोखरच मिळालेला होता. अळीला कान नसतात, पण पायात राहणाऱ्याला बोलणं हाडातून कळतं. दुसऱ्या दिवशी इंदापूरच्या एसटीत बसल्यावर त्यांनी ते भामाबाईंना सांगितलं. धाकटा भाऊ रामहरी वारला, तेव्हा आबांनी कळपाची वाटणी केली. चांगल्या मेंढ्या स्वतःकडं ठेवल्या, आणि लंगड्या, भाकड तेवढ्या त्याच्या विधवेला, नकोशीला दिल्या. ती माहेरी काटेवाडीला गेली. जाताना वेशीवर उभी राहून म्हणाली होती, की तुझ्या पायात किडं पडतील. त्याला अकरा वर्षं झाली होती.

 भामाबाई म्हणाल्या, "मला वाटलंच हुतं, तिच्या वाट्याच्या मेंढ्यांस्नी दूध कसं न्हाय म्हनून."

दवाखान्यात ड्रेसर सरदारभाईंनी पट्टी उघडली आणि ते दोन पावलं मागं सरले. डॉक्टरताई मात्र खाली वाकल्या. चिमट्यानं आमच्यातल्या एकीला बाजूला करून खाली बघत राहिल्या. जखमेतलं काळं गेलं होतं. डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल, ओलं मांस वर आलं होतं. घोट्याकडं चढणारी काळी रेघही जागच्या जागी थांबली होती.

"हा हिरवा रस कुणी घातला?"

भामाबाईंनी मोठ्या अभिमानानं हात वर केला. डॉक्टरांनी त्यांना पुष्कळ काही ऐकवलं. त्या रसानं कोवळं मांस भाजलं असतं, हेही ऐकवलं. जखम मिठाच्या पाण्यानं धुऊन घेतली आणि सरदारभाईंना सांगितलं, की उरलेल्या अळ्या राहू द्या, वरून जाळीची पट्टी बांधा, कड चिकटपट्टीनं बंद करा, आबांना खाट द्या. बाहेरच्या देशांत हे उपचार म्हणून करतात, मुद्दाम वाढवलेल्या स्वच्छ अळ्या सोडतात, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं.

तेव्हा आबा बोलले.

"कापा, ताई. पुन्याला धाडा. ह्ये फेडायचं हाय मला. फेडल्याबिगर सुटका न्हाय."

सगळी हकीकत ऐकून घेऊन डॉक्टर म्हणाल्या, "आबा, शाप कुणी दिला आणि का दिला, ते तुम्ही जाणा. पण यांनी मेलेलं तेवढं खाल्लं, जितं तसंच ठेवलं. असा शाप आणखी चार पेशंटना लागला तर मला हवाच आहे."

"मग फेडायचं कसं?"

"ते पाय असलेल्या माणसाला जास्त सोपं जाईल."

पाचव्या दिवशी पट्टी काढली. बाकीच्या भावंडांना सरदारभाईंनी तोंड फिरवून स्पिरिटमध्ये बुडवलं. मी पट्टीच्या घडीतून निसटून भामाबाईंच्या पिशवीत पडले आणि अंथुर्ण्याला परतले. वाघरीच्या मातीत शिरून कोश केला, बारा दिवसांनी पंख घेऊन वर आले. पुण्याची चिठ्ठी डॉक्टरांनी फाडली. जखमेच्या कडेनं नवी, गुलाबी कातडी धरत होती. दवाखान्याच्या कागदावर इंजेक्शनांची नावं आहेत. माझं नाही. माझी तक्रार नाही.

मित्रांनो, एक विनंती आहे. डॉक्टरांनी बांधलेली पट्टी मनानं सोडू नका. जखम झाकून ठेवा. मी आले म्हणून आबांचं भागलं, माझ्याऐवजी ती चुलत बहीण आली असती तर पाय गेला असता. मुद्दाम माश्या तर कधीच बसू देऊ नका. किडा दिसला तर आधी दवाखाना गाठा. मी माझ्याच पोटावर पाय देऊन हे सांगते आहे, याची नोंद घ्यावी.

पाचव्या आठवड्यात डॉक्टरांनी आबांना काठी टेकत घरातल्या घरात चालायची परवानगी दिली. आबांनी कळपातल्या दोन उत्तम मेंढ्या टेंपोत चढवल्या आणि ते काटेवाडीच्या फाट्यावर उतरले. पुढची वाट त्यांनी चालून काढली, दर शंभर पावलांना थांबत. मी एका मेंढीच्या पाठीवर होते.

नकोशी अंगणात गवत तोडत होती. तिनं विळा खाली ठेवला नाही. आबांनी चप्पल काढून तिला पाय दाखवला, शापाचं सांगितलं, वाटणीत माझं चुकलं म्हणाले आणि डोळे पुसले.

"मी म्हनले हुते आसं?" नकोशी म्हणाली. "न्हाय बा आठवत, भावजी. त्या वक्ताला मी समद्यास्नीच काय काय म्हनत हुते."

मग तिनं दोन्ही मेंढ्यांचे दात बघून वय ताडलं आणि त्या ठेवून घेतल्या.