खुराड्यातली तपासणी

खोटं सांगत नाही, त्या दिवशी धुळ्याकडे ऊन असं होतं की कोंबडी अंडं घालायची ते उकडूनच पडायचं. दोन मी स्वतः सोलून खाल्ली. मीठ नव्हतं, एवढंच.

मी तोताराम, आणि मी खुराड्याच्या आत होतो. गुडघे हनुवटीला, डोक्यावर तापलेला पत्रा, अंगाभोवती सात कोंबड्या.

खुराडं मीच बांधलेलं. जुन्या कूलरचं स्टँड, त्यावर जाड जाळीची जमीन, जाळीखाली पत्र्याचा ट्रे. घाण खाली पडते. ट्रे ओढा, पाइप मारा, काम संपलं. मुंगसाच्या भीतीनं दाराला आपोआप बसणारी कडी लावली, फक्त बाहेरून उघडणारी. शेवटची तार पिळायला आत शिरलो आणि कडी बसली.

ओरडलो असतो. पण माझ्या बायकोनं, कुंदाबाईनं कालच बजावलं होतं, "खुराडामा एक बी खोट निंघनी, ते साती कोंबड्या चाळीसगावले, मन्हा भाऊकडे." तिच्या भावाकडे, रतिलालकडे गेलेली कोंबडी पुढचा सोमवार बघत नाही.

कुंपणापलीकडे शेजारचा प्रेमराज दिसला. मी हळूच म्हणालो, "दार उघाड रे भो, अडकी गऊ."

तो पोट धरून हसला. "आबा, परवा तुम्ही मगरना पाठवर बसेल व्हतात. आते हाई!" आणि गेला गाडीला किक मारून. साठ वर्षांत एकदा खरं बोललो, ते असं वाया गेलं.

एका कोंबडीनं माझ्या कानाची चव घेतली. ठिपक्यांची कोंबडी मांडीवर येऊन डोळे मिटून बसली. पाय कधीच मेले होते.

मग कुंदाबाई आली, जाळीतून आत डोकावली. "काय करी ऱ्हायनात मझार?"

"तपासणी."

"दोन तास?"

"काम बारीक शे."

तिनं कमरेवर हात ठेवले. "अडकी गऊ म्हना. उघाडी देस."

शब्द ओठांवर आला. मांडीवर ठिपकी घोरत होती.

"अडकेल नही," मी म्हणालो, "बठेल शे."

तिनं ट्रे ओढला. एका बोटानं आला. वाकावं लागलं नाही. तिनं घाण खड्ड्यात ओतली, जाळीवर खालून पाइप मारला. निम्मं पाणी जाळीला, निम्मं माझ्या धोतराला.

"साफ कराले सोपं शे," ती म्हणाली. "कोंबड्या ऱ्हातीन."

"आनि दार?"

तिनं सावकाश पाइप गुंडाळला. "तपासनी पुरी व्हऊ द्या. भाकर जाळीमाईन देस."