मृत्यूच्या वर्षाचा रकाना

भिंगरी हे नाव मावशीनंच ठेवलेलं, कारण ही पोरगी जेवतानासुद्धा पाय हलवायची. आज मात्र ती कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये दगडासारखी बसली होती.

साहित्याच्या पेपरसाठी प्रत्येकानं विस्मरणात गेलेल्या एका लेखकावर वेबपेज करायचं होतं. भिंगरीनं सख्ख्या मावशीलाच निवडलं. मावशी एके काळी मासिकांत गोष्टी लिहायची. आता दवाखान्यात एक्स-रे काढायची आणि त्या दिवसांबद्दल चकार शब्द बोलत नसे. तिला चकित करायचं म्हणून भिंगरीनं सगळी माहिती गुपचूप ग्रंथालयातून गोळा केली.

पानाचा साचा वर्गातल्या चष्मिसनं बनवलेला. त्या शहाण्याच्या लेखी लेखक म्हणजे मेलेलाच. मृत्यूचं वर्ष भरल्याशिवाय पान प्रसिद्धच होईना. "तूर्तास काहीतरी टाक, मग काढतो," तो म्हणाला. भिंगरीनं मावशीच्या शेवटच्या गोष्टीचं वर्ष टाकलं. पान झळकलं, आणि आनंदाच्या भरात भिंगरीबाईंनी लिंक थेट मावशीला धाडली. रकान्याची आठवण झाली तोवर मावशीनं मेसेज उघडला होता.

फोन ती उचलेना. भिंगरीनं धूम ठोकली.

दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीचं दार बंद होतं. "हलू नका," आतून मावशीचा आवाज आला. बाहेर भिंगरीच्या येरझारा थांबत नव्हत्या. आईच्या मागे जिनं आपल्याला वाढवलं, तिलाच आपण जिवंतपणी मारून ठेवलं. आता ती आपल्याशी पुन्हा धड बोलेल का?

पेशंट गेला. मावशीनं तिला आत घेतलं.

"मावशी, ते चुकून झालं. रकाना रिकामा सोडता येत नव्हता. मी आत्ता काढायला लावते."

"ते वर्ष आणलंस कुठून?"

"तुझ्या शेवटच्या गोष्टीचं आहे."

"मारलंस त्याचं काही नाही गं. पण ती शेवटची होती, हे तुला कुणी सांगितलं?"

भिंगरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळी मासिकं पालथी घातली होती. एकाच घरात राहणाऱ्या मावशीला एवढंही विचारलं नव्हतं.

"अजून लिहितेस?"

मावशीनं दारातून डोकावून पुढच्या पेशंटला थोडं थांबायला सांगितलं, आणि दार लावून घेतलं.