पांढऱ्या चादरींचं धुणं

आमच्या भागात नव्या माणसाला पत्ता सांगायची रीत एकच. एक तर "लॉन्ड्रीच्या अलीकडे", नाहीतर "लॉन्ड्रीच्या पलीकडे". ही लॉन्ड्री माझ्या थोरल्या जाऊबाईंची. मी तिथे इस्त्रीवर असते, म्हणून आतलं-बाहेरचं सगळं मला ठाऊक.

गाव तेलविहिरींच्या जिवावर वाढलेलं. रिगवरची, म्हणजे विहीर खोदायच्या यंत्रावरची, माणसं पाळी संपवून यायची आणि अंगातल्या डांगऱ्या, म्हणजे सदरा-पँट एकत्र शिवलेले जाड कपडे, आमच्या दारात टाकायची. तेलाने माखलेली डांगरी काय चीज असते ते धुतल्याशिवाय कळायचं नाही. चिखल, ग्रीस, डिझेल, घाम, सगळं एकजीव होऊन कापड लाकडासारखं ताठ होतं. जाऊबाई ते कढत पाण्यात दोनदा घालायच्या आणि परत देताना तुटलेलं बटण कुणी न सांगता लावून द्यायच्या. एकदा एक गडी म्हणाला, "लॉन्ड्रीवहिनी, गुडघ्यावर फाटलीय ही. राहू द्या, फेकून देतो."

"फेकायची तर घरी नेऊन फेक," जाऊबाई म्हणाल्या. "माझ्या दारातून फाटकं घेऊन कुणी जात नाही."

त्यांचे यजमान, म्हणजे माझे थोरले दीर, रिगवर ड्रिलर. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. भाऊजी बोलायला इतके कंजूष, की वाटावं शब्दाला जकात बसते. लॉन्ड्री म्हणजे बायकोचा विरंगुळा, अशी त्यांची समजूत. त्यांची डांगरी इतरांबरोबर ढिगात यायची आणि घडी होऊन घरी जायची. त्यावर त्यांच्या तोंडून कधी बरंवाईट निघालं नाही.

मग तेलाचा भाव पडायला लागला.

माझी बहीण दूरच्या शहरात असते. तिचा फोन आला. "अगं, पेट्रोल केवढं उतरलंय! आम्ही गाडी घेऊन फिरायला निघालोय." मी "मजा करा" म्हटलं आणि फोन ठेवला. तिचं काय चुकलं? तिच्या घरी स्वस्ताई आली होती, आमच्या घरी तीच गोष्ट उलट्या पावलांनी आली.

आधी कुणाला काही वाटलं नाही. भाव चढतो, उतरतो. पण सकाळी दारात पडणारा डांगऱ्यांचा ढीग माझ्या कमरेपर्यंत यायचा, तो गुडघ्यावर आला. रिगवरची माणसं उतरायची त्या लॉजच्या खिडक्यांमधले दिवे कमी झाले. कोपऱ्यावरच्या टायरवाल्याने नवे टायर मागवणं बंद केलं आणि दुकानासमोर खुर्ची टाकून रस्ता बघत बसू लागला. एकदा भाऊजींनीच जेवताना सांगितलं, "जगात तेल उतू चाललंय. आम्ही काढतो ते विकून काढण्याचा खर्चही सुटत नाही." एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हाच मी ओळखलं, हे काही साधं नाही.

पुढच्याच महिन्यात त्यांची रिग बंद झाली. भाऊजी हेल्मेट काखेत घेऊन घरी आले. ते त्यांनी कपाटावर ठेवलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसले. सवयीने अंधार असतानाच उठायचे, बूट घालायचे, अंगणात उभे राहायचे आणि बूट काढून परत आत यायचे.

लॉन्ड्रीत आम्ही पाच बायका. आमच्यात सगळ्यात वयस्कर मावशी. नवरा वारला तेव्हापासून त्या धुलाईवर. एक दिवस त्यांनीच विषय काढला. "बाई, काम उरलं नाही. कुणाला तरी घरी बसावं लागणार. माझंच वय झालंय."

जाऊबाईंनी हातातलं कापड खाली ठेवलं. "मावशी, काम नाही हे खरं. पण तुम्हाला घरी बसवून ते येणार आहे का? काम आणायला मी जाते. तोवर जे आहे ते सगळ्यांनी वाटून करायचं."

आणि त्या गेल्या थेट हॉस्पिटलात. गावाच्या टोकाला मोठं हॉस्पिटल आहे. तिथल्या चादरी, गाउन, पडदे सगळं धुवायला दूर शहरात जायचं. तिथली मेट्रन ताठ कण्याची बाई. जाऊबाईंचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एक गठ्ठा नेऊन बघा. आधी दाखवा, मग बोलू."

आम्ही त्या चादरी लेकीच्या लग्नातल्यासारख्या जपल्या. नवा साबण, दोन पाणी जास्त. मी इस्त्री करताना श्वाससुद्धा जपून घेत होते. पण चादर उजेडात धरली तेव्हा माझं मलाच दिसलं. पांढऱ्यावर करडी छटा होती. आणि नाक जवळ नेलं की अगदी पुसटसा डिझेलचा वास.

"कळणार नाही त्यांना," आमच्यातली एक म्हणाली. "रोज हजार चादरी बघतात."

"आपल्याला कळलं ना?" जाऊबाई म्हणाल्या.

मी त्यांच्याबरोबर हॉस्पिटलात गेले. मेट्रनने गठ्ठ्याला हात लावायच्या आधीच जाऊबाई म्हणाल्या, "मॅडम, हे जमलेलं नाही. माझ्या मशीननी इतकी वर्षं तेल खाल्लंय, ते अजून ओकतायत. मला थोडा वेळ द्या."

मेट्रनने भुवया वर केल्या. चादर हुंगली, घडी घातली आणि म्हणाली, "जमलेलं नाही हे माझ्याआधी सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच. आणा परत."

घरी येताना जाऊबाई रस्ताभर भराभर चालत होत्या. मला वाटलं, आता रडतील. पण रडणं राहिलं बाजूला, त्या घरात शिरल्या त्या सरळ भाऊजींसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, मशीन खोलायच्या आहेत. पार आतपर्यंत. आतल्या ड्रमच्या मागे तेलाचा गाळ बसलाय. तुम्ही खोलाल?"

भाऊजी वर बघेनात. "मी जमिनीच्या पोटात भोक पाडणारा माणूस. आता कपड्यांच्या मशीनपुढे बसू?"

"जमिनीच्या पोटातलं तेल तुम्ही अंगावर घेऊन आलात, मी ते उतरवलं. इतकी वर्षं. तेव्हा मी म्हटलं का, मी तुमच्या तेलापुढे बसू?"

माझे यजमान ताटातला घास हातात धरून तसेच बसले. भाऊजी उठले आणि बाहेर निघून गेले. मला वाटलं, झालं, आता घरात अबोला.

दुसऱ्या दिवशी लॉन्ड्री उघडायला गेलो, तर दाराशी भाऊजी उभे. बरोबर त्यांच्या रिगवरचे दोघे. एक मेकॅनिक, त्याला सगळे पाना म्हणायचे, कारण झोपेतही त्याच्या खिशात पाना असायचा. दुसरा रिगच्या उंच मनोऱ्यावर चढून काम करणारा सडपातळ गडी, त्याचं नाव खारूताई. दोघांनाही कंपनीने भाऊजींबरोबरच कामावरून घरी पाठवलं होतं.

"कुठली आधी?" भाऊजींनी विचारलं. एवढंच.

मग आमच्या अंगणाचं वर्कशॉप झालं. ड्रम बाहेर काढले, दारांभोवतीचे रबर काढले, नळ्या काढल्या. आतून निघालेला काळा गाळ बघून मावशींनी कपाळावर हात मारला. "अगं बाई, एवढ्यात तर गावाला आणखी एक विहीर मिळाली असती!" भाऊजी हसले. कितीतरी दिवसांनी त्यांचे दात दिसले.

ते गडी घासायचे, आम्ही कढत पाणी आणि सोडा पुरवायचो. खारूताई ड्रमच्या आत निम्मा शिरायचा, बाहेर फक्त पाय दिसायचे. पाना प्रत्येक स्क्रू फडक्यावर ओळीने मांडायचा आणि कुणी फडक्याजवळ गेलं की ओरडायचा.

रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. एकदा लॉजचा मॅनेजर म्हणाला, "काय उस्ताद, आता वहिनींच्या हाताखाली?"

मी जीभ चावली. भाऊजींनी मान वर केली, हात पुसले आणि शांतपणे म्हणाले, "हो. आणि इथे चुकलेलं खपत नाही. तुमच्याकडच्या चादरी कशा निघतात, माहीत आहे मला."

मॅनेजर चालू पडला. जाऊबाई आत होत्या, पण त्यांनी ऐकलं होतं. त्या दिवशी भाऊजींच्या चहात साखर जास्त पडली.

मशीन परत जोडायची वेळ आली तेव्हा एक नवा पेच पडला. अजून एक रिग चालू होती. तिच्यावरच्या थोड्याशा डांगऱ्या रोज यायच्या. त्या त्याच मशीनमध्ये घातल्या तर सगळी मेहनत मातीत. पाना म्हणाला, "वहिनी, सोडा ते काम. आता चार डांगऱ्यांसाठी काय जीव काढायचा?"

"जे अजून कामावर उभे आहेत त्यांना मळक्या कपड्यांत पाठवू?" जाऊबाईंनी विचारलं. "गाव पडतीला लागलंय, तर आपण तरी त्यांना माणसासारखं दिसू देऊ."

शेवटी सगळ्यात जुनी मशीन मागच्या पडवीत नेली. मधे भिंत उभारली, पाण्याची वाट वेगळी केली. ती मशीन डांगऱ्यांची. तिच्यावर मावशी. पांढऱ्या कपड्यांच्या बाजूला पाय ठेवण्याआधी कुणीही हात घासून घ्यायचे, हा नियम. भाऊजींनाही सूट नाही.

पहिली चादर निघाली ती जाऊबाईंनी स्वतः दोरीवर टाकली. उन्हात बघवत नव्हतं तिच्याकडे, डोळे दिपत होते. आम्ही सगळ्या ओळीने तिला हुंगून आलो. शेजारी बघत असते तर त्यांना वाटलं असतं, लॉन्ड्रीतल्या बायकांना वेड लागलं.

या वेळी गठ्ठा घेऊन जायची वेळच आली नाही. न सांगतासवरता मेट्रनच आमच्या दारात हजर. तिने खिशातून रुमाल काढला, मशीनच्या पोटात हात घालून रबराच्या खालच्या फटीतून फिरवला आणि उजेडात धरला. रुमाल जसाच्या तसा. मग तिने भिंत बघितली, पडवी बघितली, हात घासणाऱ्या मावशी बघितल्या.

"हे कुणी खोललं?" तिने विचारलं.

"आमच्या ड्रिलरनी," जाऊबाई म्हणाल्या.

"सोमवारी गाडी पाठवते."

ती गेल्यावर मावशींनी खारूताईला अशी मिठी मारली की तो गुदमरला.

सगळं गाव सावरलं असं म्हणणार नाही. टायरवाला कुलूप लावून सासुरवाडीच्या गावी गेला. लॉजचा वरचा मजला अजून बंदच आहे. कितीतरी घरं रिकामी झाली, आणि त्यातल्या बायकांची नावं आमच्या बोलण्यात अजून निघतात. पण आमच्या पाचजणींपैकी एकही घरी बसली नाही. पानाला हॉस्पिटलच्या बॉयलरवर काम मिळालं, ते मेट्रननेच दिलं. खारूताई उंच इमारतींच्या काचा पुसायला शहरात गेला. भाऊजी लॉन्ड्रीसाठी घेतलेली गाडी चालवतात आणि मशीनची निगा राखतात. मधे भाव जरा वर आला, तेव्हा कंपनीचा निरोप आला होता. भाऊजी दोन दिवस विचार करत होते. मग म्हणाले, "विहीर चालू झाली तर जाईन. ते माझं काम आहे. पण सुट्टीच्या पाळीत इथे यायचं. मशीन दुसऱ्याच्या हाती देणार नाही." विहीर अजून चालू झालेली नाही.

गेल्या महिन्यात माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. त्याच हॉस्पिटलात. भेटीच्या वेळेला जाऊबाई आणि भाऊजी आले. जाऊबाईंनी "कशी आहेस" विचारायच्या आधी माझ्या चादरीचा कोपरा उलटून शिवण तपासली. मी म्हटलं, "जाऊबाई, टाके मला पडलेत, चादरीला नाही."

शेजारच्या पलंगावरच्या आजींचा मुलगा हसला. त्यानं विचारलं, "तुम्ही इथे कामाला आहात का?"

जाऊबाई काही बोलणार, तोच भाऊजी पुढे झाले. "तुमच्या आई ज्या चादरीवर झोपल्यात ना, ती आमच्याकडची. या मजल्यावरच्या सगळ्या आमच्या, वरच्या मजल्यावरच्याही. आमच्या हिनं उभं केलंय सगळं. गावात विहिरी बंद पडल्या तेव्हा आम्ही पुरुष हातावर हात धरून बसलो होतो, ही एकटी काम शोधायला निघाली. आणि पहिला गठ्ठा हिनं स्वतः नापास केला, माहितीय? स्वतः!"

तो मुलगा तोंड उघडं टाकून ऐकत होता. भाऊजी थांबेनात. सोडा किती कढत लागतो इथपासून रबराखालच्या फटीपर्यंत सगळं सांगितलं. आजी उशीवरून मान उचलून चादर चाचपू लागल्या. इतक्या वर्षांत भाऊजींना एवढं बोलताना मी ऐकलं नव्हतं, आणि जाऊबाईंनी तर नाहीच नाही.

"अहो, पुरे," त्या म्हणाल्या. "पेशंट आहेत इथे." पण त्या माझ्याकडे पाठ करून खिडकीजवळ गेल्या आणि उगाचच बराच वेळ पडद्याच्या चुण्या सारख्या करत राहिल्या.