कानात सांगितलेलं

सगळी नाटक-सिनेमावाली मंडळी तिला अजूनही बाहुली म्हणत. पाचव्या वर्षी तोंडाला लागलेला रंग सत्तरीतही उतरला नव्हता. नाटकं झाली, चित्रपट झाले, आता ती मालिकेत आजी होती. तिचं रडणं मात्र तसंच, हाक मारली की हजर.

आज तिची नात झालेल्या चिमुरडीला काही केल्या रडू येईना. दिग्दर्शकाने पोरीच्या आईला चहाला बाहेर पाठवलं आणि दार लावून घेतलं.

बाहुली त्या बंद दाराकडे पाहत राहिली. ती एवढीशी असताना असंच दार लागलं होतं, आणि कोणीतरी कानात सांगितलं होतं, "तुझी आई तुला सोडून गेली." आई तासाभरात परतली. तरी पुढे आई नजरेआड झाली की तिला झोप लागत नसे. रडायचं असलं की आजही ती तेच वाक्य आठवायची.

दिग्दर्शक पोरीच्या कानाशी वाकला.

"अहो, नको!" बाहुली ओरडली.

"आजी, तुमचा डायलॉग नंतर आहे," तो हसला आणि पोरीच्या कानात काहीतरी कुजबुजला.

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला, डोळे भरून आले. कॅमेरा सुरू झाला. बाहुलीने संवाद सोडून तिला पोटाशी धरलं. "खोटं आहे गं बाळा. आई दाराबाहेरच आहे."

"कट! काय हे आजी, सोन्यासारखा शॉट मातीत घातलात!"

पोर रडायची थांबली. तिने बंद दाराकडे पाहिलं, मग बाहुलीच्या रंगवलेल्या चेहऱ्याकडे.

"आजी," तिने हळूच विचारलं, "हे पण तुम्हाला पाठ करायला दिलंय का?"